कोयत्याचं पाणी

मागच्या नोव्हेंबरात पौडच्या पुढे आमच्या जमिनीवर बांबूचं बेट साफ करत होते. वाळलेला एक कळक आडवा पडला होता, त्याचे तुकडे करायचे होते. चौथ्या-पाचव्या घावाला कोयता नेमका पेरावर बसला आणि हाताला वेगळंच काही जाणवलं. घाव आत गेलाच नाही. उचलून पाहिलं तर धार दुमडली होती. बोथट झाली नव्हती, टवकाही उडाला नव्हता. पोळीची कड दुमडावी तशी बोटभर धार एका बाजूला वळली होती. पक्कड घेऊन सरळ करायला गेले तर ती सहज सरळ झाली, आणि मला वाईट वाटलं ते त्याचंच. पोलाद इतकं निमूट वळत नाही.

तो कोयता मी तीनच महिन्यांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून आणला होता. घेताना दुकानदाराने आधार कार्ड मागितलं, वहीत नाव-पत्ता लिहून घेतला, कशासाठी हवा ते विचारलं. शहरात कोयते उगारून दहशत माजवण्याचे प्रकार वाढल्यावर 2023 च्या सुरुवातीला पोलिसांनी विक्रेत्यांना अशी नोंद ठेवायला सांगितलं होतं. नोंदीबद्दल माझी तक्रार नाही, ती हवीच. पण पुण्यात ‘कोयता’ म्हटलं की लोकांना आता बातमी आठवते, उसाच्या फडात वाकलेली बाई आठवत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं. 1959 च्या शस्त्र कायद्यानेही निव्वळ घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. कोयता हे अवजार आहे. आणि अवजार म्हणून बघायचं तर घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायला हवा तो हा, की लोखंड कोणतं आहे.

मी विचारला होता. “ताई, पक्कं लोखंड आहे,” एवढं उत्तर मिळालं होतं.

माझ्या बहिणीचा मुलगा भोसरी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-निववून हवं तेवढं कडक करणाऱ्या, कारखान्यात आहे. त्याला फोटो पाठवला तर म्हणाला, “मावशी, फोटोवरून काय सांगू? ग्राइंडरला लावून बघू.” रविवारी तो घरी आला तेव्हा आम्ही कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. भाच्याने कोयत्याची पाठ फिरत्या चाकाला जरा टेकवली. लांब, सरळ, पिवळट रेघा निघाल्या. टोकाला क्वचित एखादं फूल, बाकी सगळ्या नुसत्या विझत जाणाऱ्या काड्या. मग त्याने तिथलीच एक मोडकी कानस घेतली आणि तीच गोष्ट केली. चाकापासून वीतभर अंतरावरच ठिणग्या फुटायला लागल्या, एकीतून चार, चारातून आठ, फुलबाजी पेटवावी तशा. “हा फरक कार्बनचा,” तो म्हणाला. “तुझ्या कोयत्यात तो नसल्यात जमा आहे. हे खिडकीच्या गजाचं लोखंड.”

पुढची गोष्ट त्याने मला तिथेच उभ्याउभ्या समजावली. लोखंड लालबुंद तापलं की त्यातला कार्बन आत विरघळतो. ते हळूहळू निवलं तर कार्बन पुन्हा वेगळा होतो आणि लोखंड मऊच राहतं. पण एकदम थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि लोखंडाची सगळी घडण ताणून धरतो. हा ताण म्हणजेच कडकपणा. आपले लोहार त्याला ‘पाणी देणं’ म्हणतात. साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याच्याही खाली असतो. अडकायला पुरेसं काही नसतंच, मग तुम्ही दहा वेळा पाण्यात बुचकळा. दुकानातल्या कोयत्याची चमक, त्यावरचा लाल रंग, ठोकलेला शिक्का यातून यातलं काहीही कळत नाही.

एवढं ऐकल्यावर मी पुढची चूक केली आणि ती पूर्ण माझी. कार्बन जास्त तर धार चांगली, असं मी मनात पक्कं करून टाकलं. बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले आणि चौदा इंची एक जाडजूड जुनी कानस शोधून आणली. कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो, म्हणून तर ती बाकीचं लोखंड खाते. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या एका लोहाराकडून तिचा कोयता करून घेतला. तो बिचारा सांगत होता की ताई, कानशीचा विळा बरा, कोयता नको. मी ऐकलं नाही. उलट म्हटलं, देता येईल तेवढं कडक पाणी द्या.

दोन दिवस तो कोयता असा चालला की काय सांगू. घाणेरीच्या फांद्या एका घावात, ओला बांबू तिरक्या दोन घावांत. धार अंगठ्याच्या नखावर टेकवली की जागची हलायची नाही. तिसऱ्या दिवशी वाळक्या सुबाभळीची गाठ आली. काच फुटावी तसा आवाज झाला. पाहते तो धारेतून चंद्रकोरीएवढा तुकडा गायब. तो माझ्या नडगीजवळून गेला होता आणि दोन हातांवर ओल्या मातीत उभा रुतला होता. मी खाली बसले. घरी येऊन भाच्याला तुकडा दाखवला. त्याने तुटलेली कड भिंगाखाली धरली आणि कानशीचे जुने दाते नीट घासून काढलेले नव्हते ते मला दाखवलं. पात्यावर बारीक आडव्या खाचा तशाच राहिल्या होत्या आणि भेग त्यातल्याच एका खाचेतून सुरू झाली होती. एवढ्या कडक पोलादाला खाच चालत नाही. तुटायला त्याला जागा हवी असते आणि ती आम्ही तयारच ठेवली होती.

त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. कोयत्याला काय हवं? स्वयंपाकघरातली सुरी पाटावर अलगद चालते, तिला कडकपणा परवडतो. कोयता हातभर वरून आदळतो, कधी गाठीवर, कधी मातीत लपलेल्या दगडावर. त्याची धार बोथट झाली तर कानस मारून पुन्हा लावता येते. जरा वाकला तरी सरळ करता येतो. तुटला तर मात्र घात. लॅटिन अमेरिकेत ऊस आणि झाडोरा तोडायला जे मशेटे वापरतात त्यांत कार्बन साधारण पाऊण टक्का असतो, पातं दोन-तीन मिलिमीटरचं, आणि कडकपणा मुद्दाम सुरीपेक्षा खाली ठेवलेला, म्हणजे शेतातच साध्या कानशीने धार काढता यावी. नेपाळातली खुकरी पुष्कळदा ट्रकच्या पाट्याची, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या पानाची, असते. तिथले कारागीर तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीतून पाणी ओततात. धार कडक होते आणि पाठ मऊ राहते. दोन्हीकडे पोलाद वेगळं, पद्धत वेगळी, पण मोडू न देण्याची काळजी सारखीच.

स्टेनलेसचाही विचार झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, गंजणार तरी नाही. पण भांड्यांचं 304 स्टेनलेस पाणी देऊन कडक होतच नाही. सुऱ्यांसाठी 420 सारखी जात असते ती होते, पण तसा पत्रा किंवा पट्टी गावच्या भट्टीत नीट सांभाळणं अवघड. गंजाला तेलाचा बोळा पुरतो. तो विषय तिथेच संपला.

म्हणून पाटा. ट्रकच्या किंवा जीपच्या चाकावर जी कमान असते तिचं पान. ते जन्मभर वाकायचं आणि परत सरळ व्हायचं काम करतं, म्हणून त्यात कार्बन 0.5 ते 0.6 टक्के ठेवतात आणि चिवटपणासाठी बाकीचे घटक घालतात. पण पाटा म्हणजे एकच पोलाद नव्हे, हे मला या सगळ्यातून कळलं. एका जातीत सिलिकॉन जास्त असतं, दुसरीत क्रोमियम, तिसरीत क्रोमियमबरोबर व्हॅनेडियम. कारखान्यांत त्यांना ईएन 45, एसयूपी 9, ईएन 47 अशी नावं आहेत. भंगारात सगळी एका ढिगात पडलेली असतात आणि एकसारखी दिसतात.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत पाटे बदलून देणाऱ्या एका गॅरेजमधून मी जीपचं एक पान आणलं. सहा मिलिमीटर जाडीचं. ट्रकचं घेतलं नाही, कारण त्याची जाडी उतरवता उतरवता लोहाराचा खांदा जातो. गॅरेजवाल्याने आधी अर्ध्यात मोडलेलं पान पुढे केलं होतं, स्वस्तात. भाच्याने फोनवरच सांगितलं, ते नको. मोडलेल्या पाट्यात जिथे मोडलं तिथे एक भेग दिसते, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या आणखी चार असू शकतात. वर्षानुवर्षं ताण खाल्लेलं पोलाद आहे ते. जास्त ताण मधल्या बोल्टच्या आसपास येतो, म्हणून अखंड पान घ्यायचं आणि मधला भाग सोडून दोन्ही टोकांकडचं वापरायचं.

मग घरी गच्चीवर आम्ही भेगांची तपासणी केली आणि ती प्रत्येकाने करावी इतकी सोपी आहे. पाट्यावरचा गंज तारेच्या ब्रशने काढला. जुने मिस्त्री रॉकेल वापरायचे, ते आता सहज मिळत नाही, म्हणून डिझेलचा बोळा फिरवला आणि अर्धा तास तसंच ठेवलं. मग कोरड्या फडक्याने खसखसून पुसलं आणि वर पांढऱ्या खडूची पूड चोळली. पाटा धोतरासारखा पांढरा झाला. दहा मिनिटांनी मधल्या भोकाजवळ एक ओली, करडी रेघ उमटली, केसाएवढी, पाऊण इंच लांब. भेगेत शिरलेलं डिझेल खडूने ओढून बाहेर काढलं होतं. त्याआधी मी त्याच जागेवरून बोट फिरवलं होतं तेव्हा काहीच लागलं नव्हतं. टोकांकडे एकही रेघ आली नाही. आम्ही खडूनेच त्यावर कापायच्या खुणा केल्या.

भाच्याने एक चकती कापून त्याच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत तपासून आणली: कार्बन 0.56 टक्के, सिलिकॉन 1.78, मँगनीज 0.86, क्रोमियम नावापुरतं. म्हणजे ईएन 45. हे आकडे मी चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवले आणि पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला ज्यांची भट्टी आहे त्या लोहारमामांकडे गेले. आमच्या सासऱ्यांची कुऱ्हाड त्यांच्याकडेच शेवटली जायची, म्हणजे तापवून, ठोकून तिची धार नव्याने काढली जायची. भात्याच्या जागी आता विजेचा ब्लोअर आला आहे, बाकी ऐरण तीच.

मामांनी चिठ्ठी वाचली नाही. पाटा उचलला, ऐरणीवर उभा आपटून कानाशी धरला. “वाजतोय चांगला,” म्हणाले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते आकड्यांच्या अगदी जवळ जाणारं होतं. हा पाटा पाण्यात टाकला तर तडकतो. काही पाटे चालतात, हे नाही. त्यांच्या वडिलांच्या काळात कोयत्याचं अंग मऊ लोखंडाचं असायचं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून ठोकून त्यात बसवायचे, कारण पोलाद महाग होतं. गाड्या आल्या, पाटे आले आणि ते जोडकाम गेलं. सगळं पातंच पोलादाचं झालं. “पण ताई, काम सोपं नाय झालं. पूर्वी अंग मऊच असायचं, धार तेवढी बघायची. आता अख्खं पातं मोडू शकतं.”

थेट कोयता करायला न घेता त्यांनी पाट्याच्या कापलेल्या पट्टीचे चार-चार बोटांचे तीन तुकडे केले. हा दिवस माझ्या सगळ्यात जास्त लक्षात आहे. पहिला तुकडा तापवून पाण्यात टाकला. टिण्ण असा बारीक आवाज आला. बाहेर काढला तर कडेपासून आत गेलेली भेग उघड दिसत होती. दुसरा त्यांनी मुद्दाम जास्त तापवला, पिवळट होईपर्यंत, आणि तेलात टाकला. तिसरा मी आणलेल्या लोहचुंबकाने तपासत तापवला. लोखंड 770 अंशांच्या आसपास पोचलं की लोहचुंबक त्याला धरत नाही. तिथून आणखी थोडं वर न्यायचं आणि तेलात सोडायचं. मामा लोहचुंबकाकडे बघतही नव्हते. त्यांनी भट्टीवरचा पत्रा ओढून उजेड अडवला होता आणि रंगाकडे बघत होते. मी “आता सुटला” म्हटलं त्यानंतर तीन-चार श्वासांनी ते म्हणाले, “आता.” पळसाच्या फुलाचा रंग होता तो. उन्हात हाच रंग फिका दिसतो आणि माणूस लोखंड जास्त तापवतो, म्हणून पाणी द्यायचं काम सावलीत किंवा दिवस कलताना.

दुसरा आणि तिसरा तुकडा शिकंज्यात धरून घणाने मोडला. दोन्ही मोडकी तोंडं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. जास्त तापलेल्या तुकड्याच्या आत दाणा होता, चमचमणारा, लापशीच्या रव्यासारखा जाड. नीट तापलेल्या तुकड्याचं तोंड एकसारखं राखाडी होतं, मैद्याचा गोळा तोडावा तसं, दाणा दिसतच नव्हता. एकाच पाट्याचे सख्खे तुकडे. जाड दाण्याचा एका घणात गेला होता, बारीक दाण्याला तीन लागले होते. नुसतं पोलाद निवडून काय उपयोग, ते पाच मिनिटं जास्त तापलं की निवड वाया, हे मला कुणी शंभर वेळा सांगितलं असतं तरी एवढं पटलं नसतं.

कोयते दोन करायचं ठरलं. एकाचं पाणी मामा त्यांच्या पद्धतीने उतरवणार, म्हणजे दिलेला कडकपणा पुन्हा जरा तापवून थोडा कमी करणार, दुसऱ्याचं भाचा कारखान्यातल्या भट्टीत. घडाई दोन्हींची मामांची. मामींनी घण घेतला, मामांनी सांडशी आणि हातोडी. मामांची हातोडी पडेल त्याच जागी मामींचा घण, एक शब्द न बोलता. पाठीला पाच मिलिमीटर ठेवून धारेकडे ते निमुळतं करत नेलं, टोकाला फांदी ओढायला आत वळलेली चोच काढली. घडाई झाल्यावर पाती रात्रभर राखेत पुरून ठेवली, म्हणजे ती सावकाश निवतात आणि घणाचा ताण निघून जातो.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. सिलिकॉन जास्त असलेलं पोलाद भट्टीत तापत राहिलं की त्याच्या वरच्या थरातला कार्बन जळून जातो. मामा त्याला मेलेलं कातडं म्हणतात. तेलातून काढलेल्या पात्यावर त्यांनी कानस फिरवली तर ती धरली, भुकटी पडली. मी घाबरले, पाणी लागलंच नाही की काय. “थांबा,” म्हणाले. आणखी दहा-बारा हात मारले आणि कानस एकदम घसरायला लागली, काचेवरून घसरावी तशी. कातडं गेलं, खालचं जिवंत पोलाद लागलं. घाईत हे कातडं धारेवर राहिलं तर चांगल्या पाट्याचा कोयताही पहिल्याच दिवशी दुकानातल्यासारखा दुमडतो. नंतर मला वाटायला लागलं, पाट्याच्या कोयत्यांबद्दलच्या कितीतरी तक्रारी या कातड्याच्या असतील.

तेल आम्ही हाताला चांगलं गरम लागेल इतपत तापवून घेतलं होतं. थंड तेल घट्ट असतं, पात्याभोवती फिरत नाही. गरम केलेलं पातळ होतं आणि उष्णता लवकर ओढून नेतं. पातं उभं, धार खाली, सरळ आत. आडवं हलवलं तर वाकतं.

तेलातून निघालेला कोयता म्हणजे माझ्या कानशीच्या कोयत्याचा भाऊच, तसाच ठिसूळ. मग त्याचं पाणी उतरवायचं. मामांनी पातं घासून चकचकीत केलं आणि जाड लोखंडाची एक तापलेली लगड पाठीला टेकवून धरली. पाठीकडून रंग चढायला लागला. आधी गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग मोरपंखी निळा. रंगांचे पट्टे पाठीकडून धारेकडे सरकत होते, पाऊस डोंगरावरून खाली यावा तसे. निळा साधारण 300 अंशांना येतो. धारेला निळा पोचून तो करडा व्हायला लागला, पाठ केव्हाच राखाडी झाली होती, तेव्हा त्यांनी लगड काढली. एवढं सगळं होईपर्यंत त्यांनी एकदाही दुसरीकडे बघितलं नाही.

दुसरं पातं फडक्यात गुंडाळून मी त्याच संध्याकाळी भोसरीला पोचवलं. पाणी दिलेलं पोलाद तसंच दिवसभर ठेवू नये, आतल्या ताणाने ते नुसतं पडल्यापडल्याही तडकू शकतं, असं भाच्याने बजावलं होतं. त्याने ते 400 अंशांवर दोन तास ठेवलं.

पुढच्या शनिवारी दोन्ही कोयते रॉकवेल यंत्राखाली ठेवले. हिऱ्याचं टोक 150 किलोच्या भाराने पोलादात दाबतात आणि ते किती आत गेलं त्यावरून कडकपणा मोजतात. कारखान्याच्या भट्टीतला कोयता जिथे दाबला तिथे 49 ते 50. मामांचा धारेजवळ 52, पाठीला 44. लोखंडाची एक लगड आणि दोन डोळे यांच्या जोरावर. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. पण चोचीकडे आकडा 45 वर घसरला होता आणि मुठीजवळ 54 होता. चोच पातळ, ती लवकर तापली, मुठीकडचा भाग जाड, तो मागे राहिला. मी तुलनेसाठी दुकानातला कोयताही नेला होता. तो इतका मऊ की त्याचा कडकपणा त्या मापाच्या पट्टीत बसेचना.

आकडे घेऊन मामांकडे गेले तेव्हा मनात धाकधूक होती, त्यांना वाईट वाटेल म्हणून. त्यांनी चोच नखाने वाजवून पाहिली आणि म्हणाले, “टोकाला ऊन जास्त लागलं. ओलं फडकं गुंडाळायला पायजे होतं.” मग त्यांनी ते आकडे कोळशाने भट्टीमागच्या भिंतीवर लिहून घ्यायला लावले, माझ्या हाताने. पाठ, धार, चोच, मूठ.

मुठी बाभळीच्या बसवल्या. जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत दोन्ही कोयते मी आळीपाळीने वापरले. भट्टीतला कोयता वाळक्या बांबूवर सकाळपासून दुपारपर्यंत चालतो, मग कानशीचे सात-आठ हात मारले की पुन्हा तयार. मामांच्या कोयत्याची धार मधल्या भागात त्याहून जास्त टिकते, हे मी खात्रीने सांगते, पण चोच मऊ असल्याने ती दर दोन दिवसांनी घासावी लागते. सुबाभळीच्या त्याच जातीच्या गाठीवर दोन्ही मारले. पहिल्या वेळी हात अडखळला, डोळे मिटले गेले. दोन्हींना काही झालं नाही. एकदा मामांचा कोयता दगडावर बसला. धारेत तांदळाएवढी खोक पडली, तुकडा उडाला नाही. भट्टीतल्याची अजून दगडाशी गाठ पडलेली नाही.

एक चूक राहिलीच, पोलादाशी तिचा संबंध नाही. पाठ पाच मिलिमीटर ठेवायचा हट्ट माझा होता, तुटण्याची भीती मनात बसल्यामुळे. त्यामुळे कोयता साडेआठशे ग्रॅमचा झाला आणि जाड बांबूत पाचरीसारखा अडकायला लागला. चांगलं पोलाद वापरायचा फायदाच हा की पातं पातळ ठेवता येतं, आणि मी तोच फायदा घेतला नाही. मार्चमध्ये मामांनी दोन्ही बाजूंनी धार लावायच्या ओल्या चाकावर घासून पाठ साडेतीनवर आणली. घासताना पातं तापू द्यायचं नाही, नाहीतर दिलेलं पाणी तिथेच उतरतं, म्हणून दर चार फेऱ्यांना बादलीत बुचकळायचं. आता वजन सहाशेच्या जवळपास आहे आणि माझं मनगट संध्याकाळी दुखत नाही.

दुमडलेला तो दुकानातला कोयता मी फेकलेला नाही. माती उकरायला, शेणी उचलायला ठेवलाय, त्या कामाला तो ठीक आहे.

पाट्याचं दुसरं टोक, सव्वा फुटाचं, मामांच्या भट्टीत कोपऱ्यात उभं आहे. त्याचं खुरपं करायचंय. मामांचं म्हणणं, माती पोलादाला कानशीसारखी झिजवते, म्हणून खुरप्याला कोयत्याहून कडक पाणी ठेवावं. मामी म्हणतात, आपल्या मावळातल्या मातीत निम्मे दगड, खुरपं मऊच हवं, झिजलं तर शेवटून घेता येतं. खुरपं रोज मामींच्या हातात असतं, म्हणून मी त्यांच्या बाजूने कौल दिलाय. पावसाआधीच्या गुरुवारी भट्टी लावायचं ठरलंय.